सांगायला माणूस लागतो

उजवा हात कानामागं नेऊन, मान थोडी पुढं काढून त्या विचारायच्या, “कुणाला?”

फळ्यावर एखाद्या मुलानं ‘ही टोल्ड दॅट ही इज सिक’ असं लिहिलेलं असायचं. मुलगा खडू हातात धरून उभा. चूक कुठं झाली ते त्याला कळत नसायचं. आमच्या इंग्रजीच्या मॅडम पुन्हा विचारायच्या, “कुणाला टोल्ड? भिंतीला?” वर्ग हसायचा. मग त्या समजावून द्यायच्या, “अरे, ‘से’ म्हणजे म्हणणं. एकटा माणूसही काहीबाही म्हणू शकतो. ‘टेल’ म्हणजे सांगणं. सांगायला माणूस लागतो. तो तुझ्या वाक्यात कुठाय?” मुलगा डोकं खाजवायचा आणि ‘टोल्ड’च्या पुढं दाटीवाटीनं ‘मदर’ नाहीतर ‘टीचर’ असं कुणीतरी आणून बसवायचा.

हे वर्गापुरतं असतं तर ठीक होतं. पण मॅडम शिक्षकांच्या खोलीतही तेच करायच्या. एकदा आमचे मुख्याध्यापक चिडून म्हणाले, पाण्याची टाकी धुऊन घ्या म्हणून मी मागच्याच आठवड्यात सांगितलं होतं. खोलीत आम्ही सगळे होतो. मॅडमचा हात कानामागं गेला. “कुणाला, सर?” सर एकेकाच्या तोंडाकडं बघत राहिले. त्यांना आठवेना, आणि आठवणार तरी कसं, कारण ते कुणालाच सांगितलेलं नव्हतं. टाकी त्याच दुपारी धुतली गेली. सरांना मात्र तो प्रश्न बरेच दिवस बोचत होता.

हिंगोलीकडच्या गोरेगावच्या पुढं जीपनं जावं लागतं अशा एका लहान गावात आमची शाळा आहे. मी तिथं मराठी शिकवते. मॅडम इंग्रजी शिकवायला आल्या तेव्हा पहिल्या दिवशी आमची गाठ जीपमध्येच पडली. उंच, रुंद खांद्यांच्या, नीट चोपून नेसलेली साडी आणि साडीखाली पळायचे बूट. ड्रायव्हरशेजारची जागा त्यांनी बसल्या बसल्या स्वतःची करून टाकली आणि शाळा येईपर्यंत मागं वळून माझ्याशी बोलत राहिल्या. माझं माहेर कुठलं, मुलं किती मोठी, गुडघे दुखतात का, सगळं विचारून झालं. उतरताना मला वाटलं, या बाईंबरोबर रोज यायचं म्हणजे कठीण आहे. दिवाळी येईपर्यंत असं झालं की त्या रजेवर असल्या तर मला वाट सरत नसे.

त्यांचं मराठी स्वच्छ होतं, पुस्तकातल्यासारखं. राग आला किंवा फार आनंद झाला की मात्र आमच्या भागातली बोली वर यायची. मी बोलता बोलता थांबले तर म्हणायच्या, “ताई, काहून गप बसून राहिल्या?” आणि घरी आईशी फोनवर बोलायच्या ती भाषा वेगळीच. त्या सेनगावकडच्या एका तांड्यावरच्या. त्यांच्या पणजोबांपर्यंत बैलांवर माल लादून मुलूख फिरणारी माणसं, आता शेती करणारी. आईला त्या ‘याडी’ म्हणायच्या. फोन सुरू झाला की त्यांचा आवाजसुद्धा बदलायचा, लहान मुलीचा व्हायचा.

तर त्यांनी ‘टेल’ हे एक क्रियापद शिकवायला घेतलं आणि महिना होत आला तरी ते संपेना. ‘टेल द टाइम’ म्हणजे घड्याळ बघून वेळ सांगणं. ‘टेल अ स्टोरी’ म्हणजे गोष्ट सांगणं. खरं सांगणं आणि खोटं सांगणं दोन्हींना ‘टेल’च लागतं, ‘से’ चालत नाही, हे ऐकून मुलांना नवल वाटलं. ‘टेल ऑन’ म्हणजे चुगली करणं, हे तर मुलांना इतकं आवडलं की पुढचे काही दिवस शाळेत चुगल्या इंग्रजीतून होऊ लागल्या. सातवीत जुळे भाऊ होते. त्यांना पुढं उभं करून मॅडमनी विचारलं, “कॅन यू टेल?” आणि सांगितलं की इथं ‘टेल’ म्हणजे ओळखणं. कोण कोणता ते ओळखता येतंय का? वर्गाला आलं. मॅडमना स्वतःला आलं नाही, आणि पुढंही कधी आलं नाही.

अभ्यासक्रम मागं पडतोय म्हणून मुख्याध्यापकांनी त्यांना बोलावलं. मॅडम म्हणाल्या, सर, एक शब्द नीट आला की बाकीचे त्याच्या मागून येतात. सर म्हणाले, परीक्षेत एका शब्दावर प्रश्नपत्रिका निघत नाही. दोघांचंही खरं होतं. मॅडमनी पुढचे धडे भराभर उरकले, आणि त्यातही जमेल तिथं ‘टेल’ घुसवत राहिल्या.

सहावीत रविना नावाची एक मुलगी होती. शाळेपासून थोड्या अंतरावरच्या तांड्यावरून यायची. बारीक, तेल लावून घट्ट वेणी घातलेली, भिंतीलगतच्या रांगेत कोपऱ्यात बसणारी. ती शाळेत बोलत नसे. कमी बोलत नसे, अजिबात बोलत नसे. हजेरीला तिचं नाव आलं की शेजारची मुलगी ‘हजर’ म्हणायची. लिहायची बरं, अक्षर वळणदार, पण तोंडी परीक्षेला शून्य. पहिलीपासून हे असंच चाललेलं, त्यामुळं सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं. कुणीतरी तिच्या वडिलांना सुचवलंही होतं की हिला हिंगोलीला नेऊन डॉक्टरला दाखवा.

मॅडम एके दिवशी तिच्याशी तांड्याच्या भाषेत बोलल्या. आम्हाला वाटलं, आता कुलूप उघडणार. उघडलं नाही. मुलीनं मान आणखी खाली घातली. आपली घरची भाषा वर्गात सगळ्यांसमोर ऐकून ती उलट घाबरलीच.

त्या संध्याकाळी जीपमध्ये मॅडम पहिल्यांदा ड्रायव्हरशेजारी बसल्या नाहीत, माझ्याजवळ मागं बसल्या. म्हणाल्या, “ताई, तिला बोलता येत नाही असं नाही. शाळेत बोलायचं नसतं, एवढं ती शिकली आहे.”

मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं. तेव्हा त्यांनी स्वतःची हकिगत सांगितली. पहिलीत असताना त्यांनी वर्गात आपल्या भाषेत पाणी मागितलं होतं. सगळी मुलं हसली. गुरुजी वाईट नव्हते, पण तेही हसले. त्यानंतर त्या शाळेत बोलेनाशा झाल्या. घरी बडबड आणि शाळेत मुक्या. मराठी कळत होतं, मनात वाक्यं तयार व्हायची, पण आपलं वाक्य बाहेर आलं की पुन्हा हसतील ही भीती. मग वरच्या वर्गात इंग्रजीचे नवे सर आले. त्यांनी प्रत्येकाला उभं करून इंग्रजीत नाव सांगायला लावलं. पाटलाचा मुलगा अडखळला, दुकानदाराची मुलगी अडखळली, नेहमी पहिली येणारी मुलगीसुद्धा अडखळली. “सगळेच माझ्यासारखे झाले होते, ताई. मला लई बरं वाटलं. त्या दिवशी मी बोलले.”

दुसऱ्या आठवड्यात त्यांनी सहावीत एक खेळ सुरू केला. प्रत्येकानं एकाला, फक्त एकालाच, इंग्रजीत एक गोष्ट सांगायची, आणि तीही कानात. मोठ्यानं बोलायचं नाही. जो मोठ्यानं बोलेल तो बाद. वर्गात नुसती कुजबुज. मी शेजारच्या वर्गातून डोकावले तर मुलं एकमेकांच्या कानाला लागून खुसखुसत होती. रविना पहिले काही दिवस नुसती ऐकायची. तिच्या कानात कोण काय सांगून जायचं कुणास ठाऊक, पण ओठांच्या कडेला हसू दिसायला लागलं होतं.

मग एक दिवस ती आपली जागा सोडून उठली. मॅडम खुर्चीवर बसलेल्या होत्या. ती त्यांच्याजवळ गेली, त्यांच्या कानाला तोंड लावलं, काहीतरी बोलली आणि परत जागेवर जाऊन बसली. मॅडमनी तिच्याकडं पाहिलं नाही, शाबासकी दिली नाही, वर्गाला काही कळू दिलं नाही. तास संपल्यावर माझ्याकडं आल्या तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते. मुलगी म्हणाली होती, “आय टेल यू. माय ब्रदर हेवी.”

माझा भाऊ जड आहे.

मी म्हटलं, वाक्यात ‘इज’ राहिलंय. मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, राहू द्या, येईल मागून.

तो भाऊ का जड होता, ते दसऱ्याच्या आसपास कळलं. रविनाचे वडील शाळेत आले. बुटके, उन्हानं काळवंडलेले, बोलायला संकोचणारे गृहस्थ. तांड्यावरची टोळी ऊसतोडीला निघाली होती. नवराबायको दोघं जाणार, आणि लहान मुलाला सांभाळायला रविनालाही नेणार. तेव्हा तिचं नाव कमी करा म्हणून सांगायला ते आले होते. मॅडमनी त्यांना खुर्ची दिली. म्हणाल्या, पोरगी हुशार आहे, आजीजवळ ठेवा. ते म्हणाले, “मॅडम, तुमच्या शाळेतलेच म्हणतात ती बोलत न्हाई. वर्गात गप बसून राहते. मंग शाळा करून काय करंल? तिकडं फडात लेकरू कुणाजवळ टाकावं आमी?”

त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. उसाच्या फडात कोयते चालत असताना लहान मूल सुटं सोडता येत नाही. मला वाटलं, मॅडम आता भांडतील, कायदा काढतील. त्यांनी तसं काही केलं नाही. नाव कमी करायला दोन-चार दिवस थांबा, मी रविवारी घरी येते, एवढंच म्हणाल्या.

शनिवारी शाळा सुटल्यावर त्यांनी रविनाला थांबवून घेतलं. मी तिथंच वह्या तपासत बसले होते. मॅडम तिच्याशी तांड्याच्या भाषेत बोलत होत्या, हळू, जवळ जवळ बसून. मग मला कळावं म्हणून असेल, किंवा स्वतःलाच पुन्हा ऐकायचं असेल, शेवटचं मराठीत म्हणाल्या, “माझं सांगून झालं, बाळा. तुझं तूच सांगायचंस. कोणत्याही भाषेत सांग.” मुलीनं दप्तर उचललं आणि गेली.

रविवारी आम्ही दोघी तांड्यावर गेलो. दारात शेळ्या बांधलेल्या, अंगणात सोयाबीनचं भुसकट एका कडेला रचलेलं. आजी उंबऱ्यावर बसली होती, जुन्या पद्धतीच्या घागऱ्यात, हातभर बांगड्या. रविनाची आई साडी नेसलेली, कडेवर गुटगुटीत मुलगा. तिनं आमच्यासाठी चटई टाकली आणि चहा ठेवला. मुलगा खरोखरच जड दिसत होता.

मला सगळ्यात आश्चर्य वाटलं ते मॅडमचं. रोज जीपमध्ये एक क्षण तोंड न मिटणारी ही बाई चहाचा कप हातात धरून गप्प बसून राहिली. वडील वाट बघत होते, आता या काहीतरी बोलतील. मी वाट बघत होते. चहा निवला. शेळी ओरडली. मॅडम हलल्या नाहीत.

आणि मग रविना आतून बाहेर आली. वडिलांच्या समोर उभी राहिली आणि बोलायला लागली.

ते बोलणं त्यांच्या भाषेत होतं, मला अर्थ कळत नव्हता. पण आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. मला उगीच वाटत होतं की तिचा आवाज बारीक, कापरा असेल. तसा नव्हता. चांगला खणखणीत होता. ती थांबत नव्हती. मध्ये एकदा तिनं भावाकडं बोट केलं, एकदा आजीकडं, एकदा दूर शाळेच्या दिशेला. काय बोलली ते मॅडमनी मला परतताना सांगितलं. मला शाळा सोडायची नाही. मागच्या वर्षी तुमच्याबरोबर आले तेव्हा परत आल्यावर मला गणित काही कळेना. भाऊ दिवसभर कडेवर असतो, मला तो आवडतो, पण माझी कंबर दुखते. मी आजीजवळ राहीन, पाणी भरीन, भाकरी मला येतात.

वडील ऐकून घेत होते. ती बोलते याचं त्यांना काहीच वाटलं नव्हतं, कारण घरात तिचं तोंड बंद नसायचं. ती मागते आहे, याचं वाटलं होतं. शेवटी ते आमच्याकडं वळून, जणू आमच्याकडून उत्तर हवं असावं तसे म्हणाले, “आन त्याला पाहील कोण?”

उत्तर आम्ही दिलं नाही. आईनं दिलं. तोवर ती चुलीजवळ उभी होती. तिनं ते मराठीतच सांगितलं, बहुधा आम्हालाही ऐकू जावं म्हणून. “मी पाहीन. माझ्यासंगं येईल तो. टोळीत जाऊबाई हाय, आमी बारी बारीनं पाहू. ही राहील.”

वडील उठून तिच्याजवळ गेले. मग त्यांनी मुलाला बायकोच्या कडेवरून घेतलं, स्वतःच्या मांडीवर बसवलं, आणि मॅडमना विचारलं की शाळा सकाळची असते की दुपारची.

परतीच्या वाटेवर मॅडम एवढं बोलल्या, एवढं बोलल्या, की त्या चटईवरचं सगळं गप्प बसणं त्यांनी भरून काढलं. मी विचारलं, तुम्ही एक शब्दही का बोलला नाहीत? तर म्हणाल्या, “ताई, तोंड उघडलं असतं तर मीच सगळं बोलून बसले असते.”

टोळी गेली, रविना राहिली. जादू वगैरे काही झाली नाही. शाळेत ती लगेच धडाधड बोलायला लागली नाही. आधी कानात, मग शेजारणीशी, मग बाकावरच्या सगळ्यांशी. मधे बरेच आठवडे गेले. आई आठवून एखाद्या दिवशी ती रडायची, तेव्हा मॅडम स्वतःच्या मोबाइलवरून तिला फोन लावून द्यायच्या. उन्हाळ्याच्या तोंडाशी गणिताचे सर तक्रार घेऊन आले की ही मुलगी तासाला सारखी बडबड करते, म्हणून मी तिला बाहेर उभं केलंय. मॅडमनी ते ऐकलं, उठल्या, गावातल्या दुकानातून शेंगदाण्याची चिक्की आणली आणि खोलीत सगळ्यांना वाटली. गणिताच्या सरांना दोन तुकडे दिले. चिक्की कशाबद्दल ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. रविना बाहेर उभी होती ती उभीच राहिली. शिक्षा मॅडमनी माफ करून घेतली नाही.

तुम्हाला वाटेल, ही बाई म्हणजे गुणांची पुतळी. तसं नव्हतं. त्यांच्या पोटात गुपित म्हणून राहत नसे. कुणाचं लग्न ठरतंय, कुणाची बदली होणार, सगळं जीपमध्ये जाहीर. एकदा माझ्या वाढदिवसाला शिक्षकांनी मिळून साडी घ्यायचं ठरवलं, ते रंगासकट त्यांनी मला आदल्याच दिवशी सांगून टाकलं आणि वर म्हणाल्या, उद्या नवल वाटल्यासारखं करा. भाकरी आणि ठेचा स्वतःच्या डब्यातला खायच्या आणि भाजी माझ्या डब्यातली. माझी छत्री नेली ती अजून त्यांच्याकडं आहे.

त्यांची स्वतःची बदली झाली तेव्हा ती बातमीही मला सगळ्यात आधी कळली, त्यांच्या नवऱ्याच्याही आधी. खरं म्हणजे अर्ज त्याच्यासाठीच केला होता. तो वनखात्यात, मेळघाटात, धारणीच्या पुढं. बरीच वर्षं दोघं दोन टोकांना राहिले होते. मला आनंद व्हायला हवा होता. झाला. पण त्या दिवशी जेवण गेलं नाही.

निरोपाच्या कार्यक्रमात त्यांना भाषण करायला सांगितलं. उभ्या राहिल्या आणि बोलताच येईना. रविना तेव्हा आठवीत होती. तिनं उठून पाण्याचा पेला नेऊन दिला. मॅडम पाणी प्यायल्या आणि भाषण न करताच खाली बसल्या. मुख्याध्यापक म्हणाले, इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा मॅडमनी वेळेत संपवलं. सगळे हसले, आणि बरं झालं हसले.

आता जीपमध्ये ड्रायव्हरशेजारची जागा कुणी ना कुणी घेतं. नवे इंग्रजीचे सर आले आहेत, शांत आहेत, अभ्यासक्रम वेळेवर संपवतात. रविना पुढच्या शिक्षणासाठी गोरेगावला जाते. तांड्यावरच्या दोन मुलीही तिच्याबरोबर जातात. तिघींच्या बडबडीनं जीपचा ड्रायव्हर वैतागतो, असं तोच मला सांगतो.

मॅडमचा फोन येतो, पण क्वचित. तिकडं डोंगरात रेंज नसते. मागच्या महिन्यात अचानक व्हिडिओ कॉल आला. शाळेच्या ओट्यावर बसल्या होत्या, मागं सागाची झाडं. भोवती लहान मुलांचा गराडा. ती मुलं घरी कोरकू बोलतात आणि मॅडमना कोरकूचा एक शब्द येत नव्हता. “ताई, मी इथं पहिलीत बसले आहे,” म्हणाल्या. एक चिमुरडी त्यांच्या मांडीला रेलून उभी होती. तिनं मॅडमचं कोपर धरलं आणि एक शब्द म्हटला. मॅडमनी तो म्हणून दाखवला. मुलं खो खो हसली. मॅडमही हसल्या. चिमुरडीनं मान हलवली, तसं नाही, आणि तोच शब्द पुन्हा सावकाश, ओठ दिसतील असा म्हटला. मॅडमनी मान पुढं केली, तिच्या ओठांकडं बघितलं आणि पुन्हा सुरुवात केली.

तेवढ्यात रेंज गेली. चित्र तसंच थांबलं. सगळी मुलं त्यांच्या तोंडाकडं बघताहेत, आणि मॅडम त्या एका शब्दाच्या मधोमध.